बोटीसाठी बाबागाडी

आमच्या शहरातली राजधानी भोपाळला गेली, तेव्हा बदली झालेल्यांनी विकलेल्या बाबागाड्यांनी नई सडकेवरचं एका जुनं सामान विकणाऱ्याचं दुकान भरून गेलं. मला दोन्ही मुलांना मुंबईहून बोटीनं रत्नागिरीला, त्यांच्या मावशीकडे न्यायचं होतं. समुद्र कधीच न पाहिलेला हा दुकानदार मला बोट समजावून सांगे. फळी तिरकी धरून तो तिच्यावर गाडी डोलवी.

"देखो साहेब, लाट आली, तरी गाडी पडली का?"

"पण हिच्यात एकच मूल मावतं."

"तो क्या? धाकट्याला वहिनी घेऊन घेतील."

दर खेपेला, दर गाडीला हेच उत्तर. मी वैतागून परत जाई. शेवटी एकदा ओरडलोच, "वहिनी नाहीत आता!"

त्यानं फळी खाली ठेवली. मग आतून दोन मुलांची एक अवजड गाडी ओढत आणली, तिचा दांडा काढला आणि उलट्या बाजूला बसवला.

"आता दोघं तुमच्याकडे तोंड करून बसतील," तो हळूच म्हणाला. "बोट हलली की पोरं आपलं माणूस शोधतात."

बोटीबद्दलचं त्याचं एवढं एकच म्हणणं मला पटलं.