छातीच्या उंचीवरची फळी

आमच्या गुढियारीच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला छातीच्या उंचीवर एक फळी ठोकलेली आहे. सात वर्षं बाबांचं ताट त्या फळीवर वाढलं गेलं. आम्ही खाली बसायचो आणि बाबा भिंतीकडे तोंड करून उभ्यानं जेवायचे, कारण बसलं की कमरेतून पायापर्यंत अशी आग उतरायची की घास तोंडातच राहायचा. बाबा उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते; तिथं लोखंडी सळ्यांचा भारा घसरला आणि ते पाठीवर आपटले. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, दुखणं राहिलं. नोकरी गेली. आई ब्लाऊज शिवू लागली, मी शिकवण्या घेत बी.कॉम. केलं. आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या शिक्षणाचा पहिला खरा उपयोग मला बाबांसाठी भांडायला झाला. बाबा जाऊन आता दीड महिना झाला. माणसं दोन शब्द बोलून मोकळी झाली, माझा राग काही गेलेला नाही.

राग कोणाकोणाचा सांगू? बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, घरी आले की फळीकडे पाहून हसायचे, "भाऊकडे रोजच बुफे चालते." मेडिकलवाला दुखण्याच्या गोळ्यांची चिठ्ठी उलटीसुलटी करून चार गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, "चाचा, आदत तो नहीं लग गई?" आणि डॉक्टर विचारायचे, "दस में से कितना दर्द है?" बाबा दर वेळी एकच सांगायचे, "तीन." कागदावर 'माइल्ड' लिहिलं जायचं. आम्ही परत.

कॉलेज संपल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत आत गेले, तेव्हा तो तीनाचा आकडा माझ्या कानांनी ऐकला. दवाखान्याच्या पायरीशी मी त्यांना धरलंच. "बाबा, घरी गमछा दातात धरता आन् इथं तीन सांगता? काहून?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "अवं पोरी, दहा सांगतलं त कामावर घेईन का कोनी?"

मिलच्या गेटवर सुपरवायझर रोज विचारायचा, कसं आहे, आणि "ठीक है" न म्हणणारा तिथूनच घरी जायचा. दुखणं गिळून आत शिरणं, हीच तिथली हजेरी. काम सुटून सहा वर्षं झाली होती... आणि बाबा अजून ड्युटी वाचवत होते. त्या मिलला मी माफ केलेलं नाही. आणि समोर उभा असलेला माणूस खुर्ची दिली तरी का बसत नाही, एवढंही ज्यांनी मान वर करून पाहिलं नाही, त्या डॉक्टरांनाही नाही.

पुढं कळलं, शंकर नगरच्या एका दवाखान्यात फक्त दुखण्यावरच इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनीही आकडा विचारला. बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मॅडम, नंबर रहने दीजिए. ये सात साल से बैठकर खाना नहीं खाए हैं." त्यांनी पेन खाली ठेवला. आधी पाठीच्या कण्यात मॉर्फिनचा एक छोटा डोस देऊन पाहिला. काही वेळानं बाबा पलंगाच्या काठावर टेकले, आणि टेकलेलेच राहिले. हेच औषध कायम देणाऱ्या पंपाच्या खर्चासाठी कामगार विम्याच्या दफ्तरात मी अर्जावर अर्ज लिहिले, नकार आला की कारण लेखी मागितलं, तेव्हा कुठं मंजुरी मिळाली. मग पोटाच्या कातडीखाली तो पंप बसवला, चहाच्या बशीहून लहान. तिथून एक बारीक नळी कण्यापर्यंत. गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी औषध, पण जिथं हवं तिथंच. दर दोन-अडीच महिन्यांनी सुईनं पंप भरून आणायचा. दुखणं गेलं नाही, खरं सांगते. मागे सरकलं, माणसाला बसण्यापुरती जागा झाली.

काकांचं तोंड तेव्हाही बंद नव्हतं. "पोटात अफीमची मशीन बसवली म्हणे. दिवसभर नशेत राहत असशीन भाऊ."

बाबा खुर्चीवर बसून भजी खात होते. म्हणाले, "नशा असती त तुहं बोलणं ऐकाच नसतं लागलं."

बाबा हार्ट अटॅकनं गेले. पंपाचा त्यात काही संबंध नव्हता, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. चितेत पंपातली बॅटरी फुटू नये म्हणून दवाखान्यात तो काढून घेतला, तेव्हा व्हरांड्यात काका कोणाला तरी सांगत होते, "मशीननंच खाल्लं त्याले." मी त्यांना तिथंच गप्प केलं. तेरवीचं ठरवताना पुन्हा तेच, "बुफे ठेवू, सोयीचं पडते." मी म्हटलं, "काका, या घरात सात वर्षं उभ्यानं जेवून झालं. आता सगळे बसून जेवतील." पंगत बसली. काकाही बसले, गुडघे धरून. "लई दुखते वं," म्हणाले. कोणी त्यांना आकडा विचारला नाही.

आई म्हणते, फळी काढून टाकू. मी काढू देत नाही. फळीवर आता हळद-तिखटाचे डबे आहेत, आणि डब्यांच्या मधोमध ताटाचा गोल डाग आहे. पंप बसवल्यानंतर तिथं ताट ठेवलं गेलं नाही. शेवटची तीन वर्षं बाबा आमच्यासोबत बसून जेवले.