कल्हई केलेला चाकू

सत्तरच्या दशकातली एक दिवाळी. आमच्या गल्लीत कल्हईवाला बसला होता. शेजारच्या मावशींनी पितळी भांड्यांबरोबर नवऱ्याचा कलमाचा चाकूही त्याच्यापुढे ठेवला. सालीच्या रसाने त्याचं पातं सारखं काळं पडायचं. पाडव्याला ओवाळून झाल्यावर मावशींनी तो नवऱ्याच्या हातात दिला.

"अवो, पाहा. चांदीचा दिसते का नाही?"

"दिसते वं. आता यानं कलम करू का याची पूजा करू?"

ते पारशिवनीकडच्या एका पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, संत्र्याची कलमं बांधत. रोपाची साल चिरून तीत संत्र्याचा डोळा बसवायचा. धार बोथट असली की साल चेंगरते, डोळा वाळतो. म्हणून कामावर निघण्यापूर्वी ते ओट्यावर बसून डाव्या मनगटाच्या केसांवर धार पाहत. केस उडाले की चाकूला म्हणत, "चाल बापा." ते मनगट कायम तासलेलं असे, हे गल्लीत सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या हंगामातले पहिले बहुतेक डोळे वाळले. मालक मजुरांदेखत म्हणाला, "काहून गा, हात थरथरून राहिले काय तुये? असंच चाललं तं मी दुसरा माणूस पाहीन."

ते लोहाराकडे गेले. त्याने मुठीजवळची निळसर झाक दाखवली.

"कल्हईनं काई बिघडत नाही. तिच्यासाठी लावलेल्या आगीनं पात्याचं पाणी उतरलं. धार टिकणार नाही. लाल करून पुन्हा पाणी देतो, पण कल्हई जळून जाईन."

"राहू दे," ते म्हणाले. त्यांनी दुसरा चाकू घेतला.

संत्र्याच्या बातमीसाठी मी त्या हिवाळ्यात पन्हेरीत गेलो, तेव्हा हे सारं त्यांनीच सांगितलं. कमरेला चकाकता चाकू होता, हातात साधा, काळा. संध्याकाळी काळा चाकू पन्हेरीच्या झोपडीत राहत असे.

"घरी सांगू नोको गा. तिनं हौसेनं केलं."

दुसऱ्या खेपेचे डोळे फुटले. मालकाने त्यांना ठेवून घेतलं.

ओट्यावरचा नेम सुटला नाही. चकाकतं पातं मनगटावरून फिरे, एकही केस पडत नसे. "चाल बापा," म्हणून ते निघत. मावशी दारात उभ्या असत. दर दिवाळीला चाकू पुन्हा कल्हईला जाई.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते तापाने गेले. काही दिवसांनी मालक काळा चाकू फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"हा कोनाचा?" मावशींनी विचारलं.

"त्यायचाच. इतकी वर्सं यानंच काम केलं."

मावशींनी दोन्ही चाकू मांडीवर घेतले. आधी चकाकता, मग काळा, आपल्या मनगटावरून फिरवून पाहिला. केस फक्त काळ्याने उडाले.

त्या दिवाळीला कल्हईवाला आला. मावशींनी भांडी दिली, चकाकता चाकू दिला. काळा घरात ठेवला.