तिच्या नावाने झालेलं लॉगिन

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी ते प्रकरण आठवलं की मला आधी माझाच राग येतो.

अहेरीकडच्या एका गावात मी ठाणेदार होतो. बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, तिथल्या एका सरकारी कार्यालयाचं नेटवर्क बंद पडलं. कोणीतरी राउटरचा पासवर्ड बदलून सेटिंग पुसली होती. ऐन प्रवेशाच्या दिवसांत दाखले अडकले. कार्यालयप्रमुखांनी फिर्याद दिली.

दुपारी तिथले मोठे बाबू ठाण्यात आले. राउटरचं ते यंत्र इतकी वर्षं बाबू एकटेच सांभाळत.

"मी तर सकाळी बाजारात होतो साहेब. माह्यं नाव घेऊ नका, पण नियमानं त्या नव्या पोरीशिवाय मशीनमंधी कोणी हात घालूच शकत नाई. हापिसात शिस्त पाहिजे का नाई?"

ती पोरगी कंत्राटी इंजिनिअर. बाप तलावावर मासे धरणारा, घरात पगार तिचा एकटीचा. पूर्वी साऱ्या कार्यालयाचा मिळून एकच पासवर्ड असे, तोही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. तिने तो बंद करून ज्याला त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि कामापुरते अधिकार दिले. बाबूंना फक्त बघायची परवानगी उरली. शिवाय यंत्रात कोण कधी शिरलं आणि काय केलं, याची नोंद जिल्ह्याच्या संगणकावर आपोआप जाईल अशी सोय तिने केली. ही सोय प्रमुखांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

ती नोंद मागवली. बदल तिच्याच नावाने झाला होता. माझ्या लेखी तपास तिथेच संपला. दोन दिवस तिला चौकशीला बोलावलं.

"पासवर्ड कोणाला दिला होता?"

"मोठ्या बाबूले. भावाच्या लग्नाले गेली होती तवा. पण ते असं नाई करत साहेब. त्यायनंच मले काम शिकवलं."

"म्हणजे आता त्यांच्यावर ढकलतेस?"

ती रडली नाही. "नोकरी गेली तर घरी कमावणारं कोणी नाई," एवढंच म्हणाली.

चौकशीला आमची महिला शिपाई बसली होती. संगणकाची पदवी घेतलेली. अधीक्षक बैठकीत माझ्यादेखत तिचं कौतुक करत. केस पांढरे झाले माझे, आणि वाहवा कालच्या पोरीची! शिस्तीच्या नावाखाली मी मुद्दाम तिला टपाल आणि बंदोबस्त लावायचो. खरं सांगतो, मी जळायचो तिच्यावर.

"साहेब, नाव तिचं हाये, पण हात तिचाच असन असं नाई," ती म्हणाली. "पूर्ण नोंद वाचू द्या न."

"मला शिकवू नको," मी खेकसलो आणि तिला बाहेर पाठवलं.

तिसऱ्या दिवशी अटकेचे कागद तयार होत असताना शिपाईबाई पुन्हा समोर आली. हातात नोंदीची पानं होती. परवानगी न घेता तिने ती वाचून काढली होती. मी तिरसटपणेच पाहिलं. बदल करणारा यंत्राच्या खोलीत बसून, थेट यंत्राला केबल लावून आत शिरला होता. आणि त्याच केबलवरून दोनच मिनिटं आधी दुसरं नाव आलं होतं, बाबूंचं. सवयीने त्यांनी आधी स्वतःचंच नाव टाकलं, यंत्राने बदल करू दिला नाही, मग तिचं टाकलं.

बाबूंसमोर ते पान ठेवलं. ते थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत बसले.

"मशीन अडली का लोकं माह्या टेबलाशी यायचे साहेब. आता म्हणतात, म्याडमले बोलवा. माह्या हाताखाली शिकली, अन् मलेच म्हणते, तुमी फक्त पाहा. डोकं फिरलं माह्यं."

जबाब लिहून घेताना मला त्यांची चीड येईना. चोर खोटं बोलताना अडखळतो, ते आम्हाला कळतं. जळणारा माणूस मात्र शिस्त आणि नियमांची भाषा बोलतो. बाबू तीच बोलले होते आणि मला ती पटली, कारण रोज मीही तीच बोलत होतो.

पोरीची नोकरी वाचली. मी तिची माफी मागितली, तेव्हा तिने बाबूंना शिक्षा किती होईल ते विचारलं.

मग अहवाल. मी सांगत होतो, शिपाईबाई टाइप करत होती. पुरावा कोणी शोधला, तिथवर आलो आणि थांबलो. तीही थांबली, मान खाली घालून. 'तपासी अधिकाऱ्याने' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. शेवटी तिचं नाव सांगितलं. ते उच्चारायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा बाबूंना कबुली द्यायलाही लागला नव्हता.