रिकामी तिरडी

दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच सावरदऱ्याची जवान माणसं ट्रॅक्टरवर चढतात आणि ऊसतोडीला निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसं, शेरडं आणि दारांना लावलेली कुलपं. पाथर्डीच्या अंगाच्या या डोंगरकडेला पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो न घेतो तोच उठतो, म्हणून ही पद्धत पडली आहे. गुढीपाडवा उलटल्यावर माणसं परततात. तोवर वाडीत कुणी शिंकलं तरी शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातं.

गहिनीनाथ त्या मागे उरलेल्यांतला. वाडी त्याला लग्नाला बोलवायला विसरायची, पण मयत झाली की पहिली हाक त्यालाच असायची, कारण तिरडी बांधावी ती त्यानेच. बांबूचे दोन लांब कळक, आडव्या कामट्या आणि सुतळी. हाताला असं वळण पडलं होतं की लोकांशी बोलता बोलता त्याच्या गाठी बसत जायच्या. "पाटील आसूंदे न्हाईतर सालगडी, शेवटाला दोन कळकच," असं तो म्हणायचा. बायको छबूबाई होती तोवर ती चुलीपुढून उत्तर द्यायची, "व्हय, पर तवर भाकर खा, गार व्हतीया."

मग एक दिवस तिचीच तिरडी बांधायची वेळ आली. त्या दिवशी त्याच्या हातून एक गाठ धड बसेना, आणि शेवटी दुसऱ्यांनी सुतळी हातातून काढून घेतली.

तेव्हापासून त्याचं ते बोलणं थट्टेचं राहिलं नाही. शेवट दोन कळकांवरच आहे तर छपराचं भोक कशाला बुजवायचं? भाजी कशाला करायची? सकाळी थापलेली भाकरी तो संध्याकाळी मिठामिरचीशी खायचा, कधी तेवढीही नाही. मुलगी पंकजा भिंगारला दिलेली. ती फोनवर विचारायची, "आबा, जेवलात का?" तो म्हणायचा, "जेवलो की." आणि चूल गार असायची.

एक गोष्ट मात्र त्याने मन लावून केली होती. हंगामात आपण गेलो तर कळक आणायला वाडीत माणूस नसणार, हे ओळखून त्याने स्वतःसाठी दोन कळक आढ्यावर ठेवून दिले होते. वाळवी लागू नये म्हणून त्यांना जळकं ऑइल चोपडलं होतं. पाठ टेकली की ते डोळ्यांसमोर दिसायचे. घराच्या छपरापेक्षा त्यांची निगा जास्त.

यंदा पौषातल्या एका सकाळी बायडाबाई ओरडतच आली, "रंगुबाई गेली वो!"

रंगुबाई म्हणजे त्याची शेजारीण. नवरा कधीच गेलेला, मुलगा वैजनाथ आणि सून सांगलीकडे ऊस तोडत होते. ती उंबऱ्याआत आडवी पडली होती, तोंड उघडं. बायडाबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तिला जेवढं दिसलं त्यावरून तिने निकाल दिला. दम्याने बेजार झालेल्या सूर्यभानने नाकापुढे हात धरला, पण त्याच्याच छातीत एवढी शिट्टी वाजत होती की दुसऱ्याचा श्वास त्याला कसला कळतोय! गहिनीनाथने पाय चाचपले. गार होते. पौषात त्या वाडीत गरम पाय होते तरी कुणाचे? पण म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याच्या मरणावर पटकन विश्वास बसतो. त्यांनी वैजनाथला फोन लावला आणि तो तिकडून टेम्पोने निघाला.

कळक आणायला जाणार कोण? गहिनीनाथने आपल्या आढ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हे माझे आहेत. मरणाच्या सामानाचाही माणसाला लोभ सुटत नाही, याची त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने ते खाली काढले आणि रंगुबाईच्या अंगणात तिरडी बांधली.

आत बायडाबाईने पाणी तापवून मयताच्या आंघोळीचा पहिला तांब्या ओतला.

"आगं आगं! भाजलं की मला!"

बायडाबाईच्या हातातला तांब्या दारापर्यंत घरंगळत गेला. हापशापर्यंत जाताना चारदा बसणारा सूर्यभान मारुतीच्या पारापर्यंत धावत सुटला. रंगुबाई ओलीचिंब होऊन कुडकुडत उठून बसली, तिने अंगणातली तिरडी पाहिली आणि विचारलं, "कोन मेलं?"

दोन दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. एकटीसाठी चूल कोण पेटवतं, हे तिचंही म्हणणं होतं. अशक्तपणाने घेरी येऊन पडली होती बिचारी. वैजनाथला परत फोन लावला तर तो लागेना. दिवेलागणीला तो वाडीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आला, आणि आई भिंतीला टेकून चहा पीत होती. ते पाहून तो जास्तच रडला. रात्रभर तिच्या मांडीशी बसला आणि सकाळी निघाला, कारण मुकादमाचे फोन सुरू झाले होते.

तो वळणाआड जाईपर्यंत रंगुबाई पाहत राहिली. "एक दीस का व्हईना, आला," ती म्हणाली. "पोराचं त्वांड बगायला मरावं लागलं बगा, भावजी."

राहता राहिली ती तिरडी. त्यांच्या वाडीत समज असा की बांधलेली तिरडी रिकामी राहत नाही, ती कुणाला तरी घेऊन जाते. आता ही माणसं कोण? तर रोज सकाळी उठून "देवा, ने रं आता" म्हणणारी. देवाने एकदा ओ दिल्यासारखं झालं तर बायडाबाईने दार लावून घेतलं. सूर्यभान पारावरूनच ओरडला, "माझ्या दारावरनं न्हेऊ नगं ती!"

गहिनीनाथ त्यांना हसला. तिरडी खांद्यावर टाकून तो आपल्या घराकडे निघाला. कळक त्याचे, त्याच्याच आढ्यावर जायचे होते. पण उंबऱ्यापाशी येऊन त्याचा पाय उचलेना. इतकी वर्षं ज्यांच्याखाली तो निजला होता, त्याच कळकांना घरात घ्यायची त्याची छाती होत नव्हती. म्हणजे आपल्याला जायचं नाही? मग इतकी वर्षं उपाशीतापाशी आपण कुणाला फसवत होतो? त्याला स्वतःचा भयंकर राग आला. रिकामी तिरडी घेऊन तो आपल्याच दारात परक्यासारखा उभा राहिला.

"हिकडं आना ती," रंगुबाईने हाक मारली. "मला दोडक्याला मांडव पायजेच हुता."

"तिरडीवर येल चढवता, वैनी?"

"मंग? येलाला काय ठावं? रिकामी ऱ्हात न्हाई म्हंता ना, भरून टाकू."

बाभळीच्या चार मेढी रोवून त्यांनी तिरडी त्यांच्यावर आडवी टाकली. बुडाशी आळं करून रंगुबाईने दोडक्याच्या बिया टोचल्या. तिच्या अंगात पाणी आणायची ताकद नव्हती, म्हणून हापशावरून घागर आणायचं काम आपसूक गहिनीनाथकडे आलं. घागर आणली की ती म्हणायची, बसा, भाकर टाकते. एकीची भाकरी थापायचा कंटाळा, पण दोघांच्या थापायला तिला काही वाटत नसे. मग दोघं मांडवाकडे तोंड करून जेवायची. समोर कुलपं लावलेल्या घरांची रांग असायची.

एकदा त्याने विचारलंच, "वैनी, तुमी जाऊन आलात. काय दिसलं?"

"काय न्हाई. नीज लागल्यावानी."

"शेवटाला काय न्हाईच, तर मंग हे सगळं कशापाय?"

रंगुबाईने घास चावून संपवला. "मला काय इचारता? मला दोडक्याच्या शिरांची चटनी खावी वाटती, एवढं कळतं."

हे काही उत्तर नव्हे, असं गहिनीनाथला वाटलं. जन्मभर डोकं खाणारा सवाल, आणि ही चटणी सांगते! तो जरा घुश्शातच उठला. पण दुसऱ्या दिवशी घागर घेऊन गेला तेव्हा आधी त्याने वेल किती चढला ते पाहिलं.

फाल्गुनात मांडव हिरवागार झाला. संध्याकाळी पिवळी फुलं उमलायची. शिमग्यानंतर बोटाएवढे दोडके लागले, टोकाला वाळकं फूल तसंच चिकटलेले. "चार दीस थांबा," रंगुबाई म्हणायची. "कवळं तोडू नये." आणि त्या चार दिवसांतच एका दुपारी, मांडवाच्या सावलीत भिंतीला टेकून बसल्या बसल्या, ती गेली.

या वेळी कुणी घाई केली नाही. गहिनीनाथने नाकापुढे सूत धरलं, छातीला कान लावला, परत धरलं. बायडाबाईने पाणी तापवलं, पहिला तांब्या ओतला, आणि तिघं थांबली. बराच वेळ थांबली. ती ओरडेल, म्हणून. बायडाबाईने पुढचा तांब्या थोडा जास्तच कढत घेतला. पण रंगुबाई काही बोलली नाही. मग मात्र गहिनीनाथला रडू आवरेना. छबूबाईच्या वेळी न आलेलं रडू त्या अंगणात आलं.

सूर्यभान दबक्या आवाजात म्हणाला, "कळक हायेत की मांडवाला. तिरडीचेच हायेत ते."

गहिनीनाथ उठला. कोयता घेऊन मांडवापाशी गेला. त्याने मारलेल्या प्रत्येक गाठीवर वेलाने आपला ताणा गुंडाळला होता. गाठ तोडायची म्हणजे वेल तोडायचा. वर ते चार दिवसांचे दोडके लोंबत होते.

"ह्ये भरलंय," तो म्हणाला आणि कोयता ठेवून दिला.

भर उन्हात तो घाटाखालच्या गावाला चालत गेला आणि खांद्यावर दोन नवे कळक घेऊन आला. वैजनाथही आला. या खेपेला तो वाडीच्या तोंडाशी रडला नाही. आईच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून त्याने आधी तिच्या गालाला हात लावून पाहिला. दहावा उरकून तो परत हंगामाला गेला. जाताना गहिनीनाथला म्हणाला, "नाना, घराकडं बगा."

आता घागर कुणी सांगत नाही, तरी गहिनीनाथ नेतो. रंगुबाईच्या आळ्यात ओततो. परवा सवयीने तो मोठ्याने बोलून गेला, "शेवटाला दोन कळकच." भाकर खा म्हणायला दोघींतली एकही नव्हती. कुलपं लावलेल्या घरांवरून त्याचाच आवाज परत आला. तो मांडवाखाली बसला. आपले कळक तर वर आहेत. आज आपलं काही झालं तर सूर्यभान इकडेच बोट दाखवणार, आणि आधी कुणाला तरी हे दोडके तोडावे लागणार.

म्हणून तो उठला आणि त्यानेच तोडायला घेतले. बायडाबाईला चार, सूर्यभानला चार. सगळ्यात मोठा दोडका मात्र त्याने तसाच ठेवला. पुढच्या साली बी पाहिजे. चुकून कुणी तोडू नये म्हणून त्याच्या देठाला त्याने धोतराची चिंधी बांधली. गाठ पहिल्याच फटक्यात बसली.

तेवढ्यात पंकजाचा फोन आला. "आबा, जेवलात का?"

"न्हाई अजून," तो म्हणाला. "दोडक्याच्या शिरांची चटनी कशी करत्यात गं?"