नाकाने वाचणारे भावोजी

या, अशा जवळ येऊन बसा. दारात उभं राहून बोलायची ही कुठली पद्धत? आणि एक सांगते, राग मानू नका. मघाशी ते पुस्तक तुम्ही दोन बोटांत असं धरलंत, जसं दुसऱ्याचं तान्हं पोर आहे आणि आत्ता अंगावर ओलं करणार आहे. तुमच्या घरचीही पाहिली आहेत मी पुस्तकं. काचेच्या कपाटात, कोरी करकरीत, एकमेकांना चिकटून बसलेली. पुस्तकांना असं सोवळ्यात ठेवू नये हो. माझे भावोजी असते ना, तर त्यांनी तुमच्या कपाटाशी जाऊन एक लांब श्वास घेतला असता आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले असते, "मेव्हणीबाई, या घरात कोणी वाचत नाही."

कारण माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हे उभ्या जगातले एकमेव गृहस्थ होते, जे पुस्तक आधी नाकाने वाचायचे आणि मग डोळ्यांनी. त्यांच्या वाचनालयात कोणी पुस्तक परत आणलं की ते मधोमध उघडायचं, चष्मा कपाळावर सारायचा, डोळे मिटायचे आणि नाक थेट पानांत घालायचं. मिरची कांडायला आणलेली बाई जशी मसाल्याचा वास घेते ना, अगदी तसं. मग डोळे उघडून निकाल. "सुरुवात फोडणी देता देता वाचलीत. पुढे तुमचं डोकं दुखत होतं, बाम लावलाय. पण शेवट देवापुढे बसून वाचलात, उदबत्तीचा वास आहे. रडलात का हो?" समोरच्या बाई चक्रावून जायच्या, कारण त्या खरंच रडलेल्या असायच्या.

एकदा आमच्या शेजारच्या इमारतीतले बँकेतले साहेब पुस्तक परत द्यायला आले. आल्या आल्या सुरू, की लेखकाची शैली काय, निसर्गवर्णन काय. भावोजींनी पुस्तक नाकाला लावलं आणि तसंच त्यांच्या हातात परत ठेवलं. "याला अजून आमच्याच कपाटाचा वास येतोय. न्या, आणखी थोडे दिवस ठेवा." साहेब लाल झाले. पण दुसऱ्या खेपेला आणलं तेव्हा भावोजींनी वास घेतला आणि आनंदाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "खोबरेल तेल. म्हणजे रात्री उशीवर घेऊन वाचलंत. आता सांगा शैलीचं."

ही गोष्ट नव्वदीच्या आसपासची. परळच्या चाळीतून आमची दोन्ही घरं भाईंदरला जेसल पार्कात आली, एकमेकांसमोरच्या इमारतींत. भावोजी गिरणीच्या हपिसात होते, गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले. म्हणजे ताईच्या मते बसले. भावोजींच्या मते त्यांना शेवटी वेळ मिळाला. ताईच्या इमारतीत तळमजल्याला जिन्याजवळ एक खोली होती, बिल्डरने पाण्याच्या पंपासाठी ठेवलेली. पण नळालाच पाणी नव्हतं, तर पंप काय हवा ओढणार? खोली रिकामी. भावोजींनी सोसायटीकडे ती मागून घेतली आणि स्वतःच्या ट्रंकेतली पुस्तकं तिथे नेऊन मांडली. झालं वाचनालय.

पैसा कुठून आणायचा, तर माणसांतून. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या एका मारवाडी शेठजींकडून त्यांनी मोडीतले रॅक आणले. "किताब का दुकान है क्या, चाचा?" शेठजींनी विचारलं. "दुकान नाही, सासर है. किताब जाती है, वापस आती है," भावोजींचं हिंदी. शेठजी इतके हसले की रॅक टेम्पोतून घरपोच आले. हळदीकुंकवाला आम्ही बायका वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटायचो, त्यांनी ताईला पटवलं की यंदा वाणात पुस्तकं घ्यायची, आणि बायकांनी ती वाचून वाचनालयात ठेवायची. वर दर रविवारी इमारतींतली रद्दी गोळा करायची आणि विकून त्यातून वर्तमानपत्रं घ्यायची, अशीही योजना होती. पण रद्दी विकण्याआधी भावोजी ती वाचायला बसायचे, आणि निम्मी रद्दी 'ही राहू दे, कामाची आहे' म्हणून ताईच्या पलंगाखाली जायची. ताईचा पलंग हळूहळू वर चालला होता, असं ती शपथेवर सांगायची.

सायकलला पिशवी लावून ते वरसावे, पार चेणे गावापर्यंत पुस्तकं पोचवत. घोडबंदरच्या रस्त्यावर ट्रकवाले शिव्या घालायचे, पण भावोजींना त्याही आवडायच्या. आणि मला, चौथीतून शाळा सुटलेल्या बाईला, त्यांनीच वाचायला बसवलं. मी म्हटलं, भावोजी, मला कुठली सवड? म्हणाले, "शेंगदाणे भाजताना उजवा हात कामात असतो, डावा काय करतो?" त्या डाव्या हाताच्या जोरावर मी आज तुमच्यापुढे बोलतेय. थोडे दाणे करपले, ते सोडा.

फुकटात रंगवून मिळालेल्या वाचनालयाच्या पाटीवर पेंटरने आपल्या मनानेच खाली लिहिलं होतं, 'हात स्वच्छ धुऊन पुस्तके हाताळावीत.' भावोजींनी ती ओळ नाण्याने खरवडून काढली. म्हणाले, "एक तर इथे धुवायला पाणी नाही. आणि हात धुवायच्या आळसापायी कोणाचं वाचायचं राहिलं तर?"

पाण्याचं तर विचारूच नका. टँकर यायचा तो त्याच्या लहरीने. बायका सकाळी हंडे-बादल्या रांगेत मांडून ठेवायच्या आणि वाट बघत वाचनालयाच्या बाकांवर येऊन बसायच्या. तिथेच वाचनाची गोडी लागली सगळ्यांना. टँकर जेवढा उशिरा, तेवढं पुस्तक पुढे. आमच्यात येऊन बसणारी एक मासेवाली मावशी होती, भाईंदर गावातली कोळीण. मासे विकून झाले की टोपली बाहेर उलटी घालायची आणि आत शिरायची. भावोजींना ती मास्तर म्हणायची, कारण तिच्या हिशेबी पुस्तक देतो तो मास्तर. तिने नेलेल्या पुस्तकाला सुक्या बोंबलांचा वास यायचा आणि पानात खूण म्हणून माशाचा मोठा खवला असायचा. काही सभासदांनी तक्रार केली. भावोजी म्हणाले, "हा वास म्हणजे पावती आहे. तुम्ही आणा बघू एवढी पक्की पावती."

पण नुसत्या वासावर वाचनालय किती दिवस चालणार? सोसायटीच्या चेअरमनना केबलवाला भेटला. तेव्हा घरोघर केबल येत होती, त्याला मशीन ठेवायला खोली हवी होती, आणि तो भाडं देणार होता. चेअरमन माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "काका, सरकारची मान्यता मिळवा, अनुदान आणा, मग खोली तुमची. नाही मिळाली तर मला सोसायटीचंही बघायला लागतंय." भावोजींनी अर्ज केला, आणि ठाण्याहून तपासणीचे साहेब येणार असा निरोप आला.

त्या आठवड्यात भावोजी जेवले नाहीत धड. ताट पुढे आलं की ते भाजीचा वास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. ताईने ओळखलं की आता आपणच काहीतरी करायला हवं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांना चेण्याला पिटाळलं आणि आम्ही सगळ्या बायका पदर खोचून वाचनालयात शिरलो. आता पाहुणा येणार म्हटल्यावर बाईमाणूस काय करतं? तेच केलं. एकेक पुस्तक पुसलं, गच्चीवर दिवसभर उन्हात घातलं, पानांतले कढीपत्ते, बसची तिकिटं, केसांच्या पिना सगळं झटकून टाकलं. मुलांच्या वह्यांना घालतो तशी खाकी कव्हरं घातली. आणि वर कपाटाच्या कप्प्याकप्प्यात मूठमूठ डांबरगोळ्या. संध्याकाळी वाचनालय असं दिसत होतं, जशी मांडवात न्यायची नवरी.

सकाळी साहेब आले. किडकिडीत, गंभीर, बगलेत फाइल. बाकांवर आम्ही बायका नेहमीसारख्या वाचत बसलेल्या. खोट्या नव्हे हो, रोजच्याच. साहेबांनी खुर्ची ओढली आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मग काय विचारता. पुस्तकं हातात तशीच घेऊन आम्ही अख्ख्या वाचनालयासकट दारातून बाहेर. साहेब, भावोजी आणि सरबताचा ट्रे घेतलेली ताई, एवढेच आत उरले. माझा हंडा दाराशी होता, म्हणून पुढचं मला दिसलं.

"वाचक?" साहेबांनी विचारलं.

"पाण्याला गेले," भावोजी म्हणाले.

साहेबांनी कपाटातलं एक पुस्तक काढलं, दुसरं काढलं. कोरं कव्हर, स्वच्छ पानं. "ही वापरात असल्यासारखी दिसत नाहीत."

भावोजी हसले. आता त्यांचा हुकमाचा पत्ता. "दिसत नाहीत, पण वास घ्या, साहेब." स्वतः पुस्तक उघडून नाक घातलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सगळीकडे एकच वास, डांबरगोळ्यांचा. इतक्या वर्षांच्या फोडण्या, बाम, उदबत्त्या, उशा, सगळं एका दिवसात गेलं होतं. घरी परतलेल्या माणसाला दाराचं कुलूप तुटलेलं दिसावं, तसे ते कपाटासमोर उभे राहिले.

"साहेब, सगळं आम्ही बायकांनी चकचकीत केलंय," ताई कौतुकाने म्हणाली.

भावोजींनी तिच्याकडे बघितलं. ताईच्या हाताला गोंद वाळलेला होता. ते एवढंच म्हणाले, "हो, साहेब. खूप मेहनत घेतली यांनी."

साहेबांनी फाइल मिटली. आणि तेवढ्यात दारात मावशी उभी. आदल्या दिवशी ती बाजाराला गेलेली, त्यामुळे आमच्या धुलाईतून तिचं एकटीचं पुस्तक वाचलेलं. ते तिने साहेबांसमोरच आपटलं. दोन भागांची कादंबरी होती, त्यातला पहिला भाग.

"काय वो मास्तर, दुसरा भाग कदी देनार? दर टायमाला इचारते, दर टायमाला न्हाय."

वास साहेबांपर्यंत न मागता पोचला. त्यांनी पुस्तक उघडलं, तर पानातून खवला घरंगळला तो त्यांच्या पँटवर. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. "मावशी, तुम्ही वाचता हे?"

"मंग काय माशे बांधते त्यात? त्या पोरीचं लगीन मोडलंय आनि बापूस घर सोडून गेलाय. फुडं काय झालं ते मना ठावं न्हाय, आनि हा माझा मास्तर बोलतोय वाट बघ. कोनाकडं हाय तो भाग?"

भावोजींनी घाबरत घाबरत रांगेकडे बोट दाखवलं. मावशी तरातरा बाहेर आली. दुसरा भाग होता तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे. त्यांच्या एका हातात टँकरचा पाइप आणि दुसऱ्या हातात उघडं पुस्तक.

"बाय, दे इकडं."

"अहो, माझा संपायचाय. फक्त शेवट राहिलाय."

"किती दिस झाले तुझा शेवटच चाललाय. मुद्दामून चाटून चाटून वाचतेस."

मग रांगेतल्या बाकीच्याही सरसावल्या. एकीने सांगितलं की मावशीच्या आधी तिचा नंबर आहे. दुसरीने भांडणाच्या भरात शेवट सांगून टाकला, त्यावर तिच्या अंगावर सगळ्याच धावल्या. पाइपचं पाणी हंड्यातून वाहून रस्त्याने निघालं. टँकरवाला केबिनमधून ओरडत होता, "अरे बहनजी, पहले पानी भरो, किताब बाद में लड़ो." त्या काळात भाईंदरमध्ये पाणी वाहून जातंय आणि बायकांचं तिकडे लक्ष नाही, असं दृश्य कोणी पाहिलं नव्हतं.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "कशावरून भांडतायत? पाण्यावरून?"

"नाही, साहेब," भावोजी मान खाली घालून म्हणाले. "दुसऱ्या भागावरून."

साहेबांनी आधी वाहत्या पाण्याकडे बघितलं, मग भांडणाऱ्या बायकांकडे. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ताईच्या ट्रेमधलं सरबत त्यांनी स्वतः उचललं, एका दमात प्यायले आणि भावोजींना म्हणाले, "अनुदान आलं की पहिलं काम, दुसऱ्या भागाच्या आणखी दोन प्रती घ्या. नाहीतर इथे एखादीचं डोकं फुटेल." तो खवला मात्र त्यांनी परत दिला नाही. खिशात घातला.

मान्यता आली. केबलवाल्याने समोरच्या इमारतीत खोली घेतली. पुढे काही वर्षांनी नळाला बऱ्यापैकी पाणीही यायला लागलं, आणि आता पंप बसवायला हवा होता. खोली तर पंपाचीच. भावोजी पुस्तकं बांधायला सुतळी घेऊन आले. चेअरमन म्हणाले, "सुतळी ठेवा, काका." सोसायटीने पंपाला बाहेर पत्र्याची खोपटी बांधली. पुस्तकं हलली नाहीत.

रांग मात्र गेली. त्या पाण्यासाठी भावोजींनी किती अर्जांवर आमच्या सह्या घेतल्या होत्या, आणि पाणी आल्यावर बाक रिकामे पडले. ते कुरकुरले नाहीत. "बायकांच्या कमरेवरचा हंडा उतरला, याहून चांगलं पुस्तक कुठलं?" म्हणायचे. पण संध्याकाळी दाराकडे बघत बसायचे. शेवटी शेवटी त्यांचं नाकही गेलं. म्हातारपणी कोणाचे डोळे जातात, कोणाचे कान. यांचं नेमकं नाक. मग परत आलेलं पुस्तक ते माझ्यापुढे धरायचे. "मेव्हणीबाई, बघा हो, काय म्हणतंय." मी वास घ्यायची आणि सांगायची. शेवग्याची आमटी, भावोजी. कोणाच्या तरी बाळाची पावडर. हा मावशीचा, ओळखलात ना? ते डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "वाचतायत," म्हणायचे. "वाचतायत अजून."

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. अनुदान येतं, नवी पुस्तकं येतात, शाईचा वास घेऊन येतात आणि पुष्कळदा तोच घेऊन बसून राहतात. मावशीची सून कधीमधी येते. म्हणून तुम्हाला एवढं जवळ बसवून सांगितलं. या एकदा तिकडे, लवकर या, संध्याकाळी मी असतेच. एखादं पुस्तक घरी न्या, जेवता जेवता वाचा. आणि परत आणाल तेव्हा पुसूनबिसून आणू नका.