पानवेलीच्या डागांचं मोजमाप

वटार गावात लग्नपत्रिका करून घ्यायची तर जयवंताकडेच जायचं. ओटीवरच्या खोलीत त्याचा संगणक, शेजारी स्कॅनर. सकाळी दोघांना उदबत्ती ओवाळल्याशिवाय तो बटण दाबत नसे. असा हा सरळमार्गी माणूस दोन हजार चारच्या भाद्रपदात पुरता पेचात पडला.

थोरला भाऊ जयराम वारल्यापासून सत्यवतीवहिनीने पानवेलीच्या बारा ओळी एकटीने राखल्या होत्या. त्या पानांवर काळपट डाग दिसू लागले. कृषी महाविद्यालयाच्या बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, पानांचा चौथा हिस्सा डागांनी खाल्ला असेल तर वेल उपटून जाळा, नाहीतर शेजारच्या वाड्याही जातील. कमी असेल तर फवारणी पुरे. पण नुसत्या नजरेने ठरवू नका, मोजा.

मोजायचं जयवंताने. पान पुसून काचेवर ठेवायचं, रंग वगळून काळं-पांढरं चित्र घ्यायचं. मग चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला संगणक आकडा देतो. शून्य म्हणजे मिट्ट काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरंशुभ्र. डाग नव्वदच्या खाली येत, निरोगी पान वर. नव्वदच्या खालचं तेवढं काळं करून मोजलं की झालं.

वहिनीने आणलेल्या वीस पानांत डाग निघाले शेकडा नऊ. तिने तिथल्या तिथे हात जोडले. जयवंताला मात्र चैन पडेना. वाडीत एवढं काळं दिसतं, मग काचेवर इतकं स्वच्छ कसं?

"वहिनी, पानं कशी तोडलीत?"

"कशी म्हनजे? रोज देवाला तोडते तशी. डागाच्या पानाला हात तरी लागेल का माझा?"

त्याच दुपारी तो स्वतः वाडीत शिरला. दर दहावं पान, जे हाती येईल ते. प्रत्येक ओळीची पाच-पाच पानं वेगळी बांधून आणली आणि मोजली. शेकडा एकतीस.

वहिनी पाठीशीच उभी होती. "भावजी, ते नव्वद तुम्हीच घातलेत ना? ऐंशी घाला."

त्याने घातले. तेवीस.

"बघा, वाचली वाडी."

"डाग आहेत तेवढेच आहेत, वहिनी. मी त्यांच्या कडा मोजायच्या सोडल्या, एवढंच."

"तुमचं काय जातंय? पानी मी घातलंय."

पडद्यावर डागांचे नुसते गाभे उरले होते. रोग कडेनेच पुढे सरकतो, असं बाई सांगून गेल्या होत्या. त्याने पुन्हा नव्वद घातले आणि एकेका ओळीची जुडी वेगळी मोजायला घेतली. विहिरीकडच्या सात ओळी पन्नासच्या आसपास. पलीकडच्या पाच ओळींत जेमतेम शेकडा पाच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आकड्यांचा कागद पाहिला. सात जाळा, पाच फवारा, म्हणाल्या.

जाळायच्या दिवशी वहिनीने त्याला चहा विचारला नाही. तो बांधावर उभा राहिला, राख उरलेल्या पाच ओळींकडे तर उडत नाही ना, हे बघत.