यहयाभाईचा कार्डभरणा

दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात वायफाय होतं ते नावाला. घरच्यांशी चार शब्द बोलेपर्यंत डेटा खलास; मग सिनेमा कुठला बघणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळ्यांची पावलं यहया परकारच्या खोलीकडे वळायची. दाभोळचा हा माणूस रास अल खोरच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि जुन्या लॅपटॉपवरून लोकांची मेमरी कार्डं भरून द्यायचा. भोजपुरी गाणी असोत की मल्याळी सिनेमे, कुणाला काय लागतं ते त्याला तोंडपाठ. कॅम्पात वाजतं ते आपल्या हातून गेलेलं असतं, याचा त्याला अभिमान होता.

एकदा कार्ड भरताना त्याला वेगळीच क्लिप दिसली. गोदामात पॅकिंगला असलेली वसईची अपर्णा कपडे बदलत होती आणि कुणीतरी दाराच्या फटीतून ते टिपलं होतं. यहयाने तिथल्या तिथे क्लिप बंद केली. कार्डवाल्याला दरडावल्यावर कळलं, पॅकिंगच्या सुपरवायझरने ती दोघातिघांना दिली होती आणि पुढे ती फोनाफोनांतून सरकली होती.

नेटवर गेली असती तर हाताबाहेरची गोष्ट. कॅम्पातल्या वाटा मात्र यहयाच्या पायाखालच्या. व्हायरस आलाय, फोन आणि कार्डं आणा, सगळं नव्याने भरून देतो, असं त्याने खोल्याखोल्यांत सांगितलं. लोक आले. गाणी भरता भरता तो क्लिप पुसत गेला आणि ज्याच्या त्याच्या घरी आई-बहीण असते, हेही ज्याला त्याला सुनावत गेला.

मग तो अपर्णाला भेटला. सगळं सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

"अपर्णाताई, मूळ क्लिप सुपरवायझरच्या फोनमध्ये आहे. तक्रार करायची तर मी साक्षीला येतो."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठली. "चला," म्हणाली.

गोदामाच्या ऑफिसच्या दारात सुपरवायझरने यहयाला गाठलं. तक्रार केलीस तर तुझे चोरीचे सिनेमेही बाहेर येतील, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.

"येऊ देत," यहया म्हणाला. "माझ्या लॅपटॉपात काय आहे ते मी सांगतो. तुझ्या फोनमधलं तू सांग."

तक्रार ऐकून मॅनेजरने पोलिसांना बोलावलं आणि त्यांनी तो फोन ताब्यात घेतला. सुपरवायझर पुन्हा गोदामात दिसला नाही. मॅनेजरने यहयाला समोर बसवून सगळे सिनेमे पुसायला लावले. वाईट वाटलं त्याला, पण एकही मागे ठेवला नाही.

पुढच्या सुट्टीला गावाहून परतलेला एकजण दाभोळच्या क्रिकेट सामन्यांचा पेन ड्राइव्ह घेऊन आला, दुसऱ्याने भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ आणला. आता कार्डं त्यातूनच भरली जाऊ लागली आणि यहयाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.